पिशवीतला मोजा

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी जे शिकले त्यात पेशंटला रागावणं हाही एक विषय होता. फक्त त्याची परीक्षा नव्हती. जखमेवर हळद, चुना नाहीतर तंबाखूची पूड लावून कुणी आलं की आमचे सर केसपेपर टेबलावर आपटत आणि विचारत, "डॉक्टर कोण, तू का मी?" माणूस मान खाली घालून हसायचा. बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या बायकोला सांगायचा, "डॉक्टर लई रागावले." त्यात तक्रार नसायची. एवढा मोठा डॉक्टर रागावला म्हणजे त्याचं आपल्याकडे लक्ष आहे, असा तो हिशेब होता. पुढच्या आठवड्यात तो परत यायचा, आणि हळद न लावता यायचा.

हे कसब मी अमेरिकेत बरोबर आणलं. गोऱ्या पेशंटांवर ते चालत नाही हे पहिल्याच वर्षी कळलं, एकाने लेखी तक्रार केली तेव्हा. मग डॅलसच्या जुन्या वस्तीतल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. तिथले बहुतेक पेशंट मेक्सिकोतून आलेले. एका माणसाबरोबर तीन नातेवाईक, हातात डबा, डॉक्टरांसमोर नजर खाली, प्रत्येक वाक्याला "सी, दोक्तोरा", म्हणजे "हो, डॉक्टरीणबाई". मला वाटलं, चला, ही तर आपल्यासारखीच माणसं. यांना कसं सांभाळायचं ते मला येतं.

स्पॅनिश मी गाडीत शिकले. डॅलसबाहेरच्या फ्रिस्को उपनगरातल्या घरापासून क्लिनिकपर्यंत पाऊण तास जायला आणि संध्याकाळी यायला त्याहून जास्त. वर्षभराने क्लिनिकची भाषेची परीक्षा दिली, पास झाले आणि व्हिडिओवरच्या दुभाष्याची स्क्रीन कोपऱ्यात ढकलून दिली.

पेशंटला आत घेणं, वजन-बीपी बघणं, हे काम माझी असिस्टंट करते. जन्म डॅलसचा, आईवडील मेक्सिकोचे. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा वर्षांनी मोठी. परीक्षा पास झाले त्या दिवशी ती म्हणाली, "दोक्तोरा, तुमचं स्पॅनिश झकास आहे. फक्त तुम्ही बोलायला लागलात की वाटतं, लायसन्स आणि गाडीचे कागद काढून दाखवावेत."

मी ते हसण्यावारी नेलं.

छपरं घालणारे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, रुंद खांद्यांचे. टोपी दारातच काढून हातात धरायची आणि बाहेर पडेपर्यंत ती गोल गोल फिरवत बसायचं, ही सवय. दहा वर्षांचा डायबिटीस. दर वेळी बायको बरोबर. ते एक वाक्य बोलायचे आणि त्या बाई त्याला तीन वाक्यांची पुरवणी जोडायच्या.

एका हिवाळ्यात त्यांची टाच फुटली होती. बाई म्हणाल्या, "मी रोज साबिलाचा गर लावते." साबिला म्हणजे कोरफड. त्यांच्या अंगणात सासूने लावलेली होती. सासू आता नव्हती, पण कोरफड वाढून कुंपणाला टेकली होती. हे सगळं त्या कौतुकाने सांगत होत्या आणि मी अर्ध्यातच त्यांना तोडलं. "डायबिटीस आहे. पायाला असलं काहीबाही लावायचं नाही. तुम्हाला यांचा पाय हवाय ना? मग ते झाड तोडून टाका आणि मी देते ते मलम लावा."

सरांनी ऐकलं असतं तर खूश झाले असते.

गृहस्थ टोपीकडे बघत म्हणाले, "सी, दोक्तोरा." बाईंनी पर्सची चेन ओढली. मी मलम लिहून दिलं आणि पुढच्या खोलीत गेले. समज दिली, काम झालं, असंच मला वाटत होतं.

त्यानंतर दोनदा ते आले. दोन्ही वेळा सगळं छान होतं. गोळ्या? घेतो, दोक्तोरा. जेवण? सांभाळतो. पाय? छान आहेत. बाईंच्या पुरवण्या बंद झाल्या होत्या. रक्तातली साखर मात्र छान नव्हती, चढत होती. डायबिटीसच्या पेशंटचे बूट आणि मोजे मी आत यायच्या आधी काढून ठेवायचे, असा आमच्याकडे नियम आहे. दोन्ही वेळा फाइलमध्ये असिस्टंटने नोंद केली होती: बूट काढायला नको म्हणाले. ते थेट कामावरून येत. नडगीपर्यंत नाड्या आवळलेले बूट, त्यांवर डांबराचे काळे ठिपके. दोन्ही वेळा मी अर्धा तास मागे होते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की," आणि सोडून दिलं. दोनदा. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवते.

दुसऱ्या खेपेनंतर असिस्टंटने मला स्टोअररूममध्ये गाठलं.

"तुम्हाला वाटतंय ते खरंच छान आहेत?"

"साखर वाढलीय. गोळ्या चुकवत असतील."

"ते तुम्हाला काही सांगायचे बंद झालेत. तुम्ही त्यांच्या आईचं झाड तोडायला सांगितलंत."

"पाय वाचवायला सांगितलं."

"मी तिथेच उभी होते, दोक्तोरा. बायकोला नवऱ्यासमोर आणि नवऱ्याला बायकोसमोर, दोघांनाही एका दमात."

"अगं, आमच्याकडे डॉक्टर रागावले की लोकांना बरं वाटतं. आपली काळजी आहे असं वाटतं."

"असेल," ती हातमोज्यांचं खोकं उघडत म्हणाली. "आमच्याकडे डॉक्टर रागावले की लोक पुढच्या वेळी रागावण्यासारखं काही सांगतच नाहीत. उलट उत्तरही देत नाहीत. तुमचा मान ठेवायचा असतो ना!"

मला ते पटलं नाही. पन्नाशीच्या बाईला तिच्या असिस्टंटचं लगेच पटत नसतं. पण ते डोक्यातून गेलंही नाही.

वसंतात गारा पडल्या. टेक्ससमध्ये राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. गारा पडल्या की दुसऱ्या सकाळपासून गल्लीत छपरं बदलून देणाऱ्यांचे शिड्या लावलेले ट्रक फिरायला लागतात. आमच्या गल्लीत पुण्या-नागपूरची आणि हैदराबादची घरं आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे छपराशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाची कंपनी किती लवकर येते, कुणी कुठला रंग घेतला. "यार, आमचं एका दिवसात उरकलं, मी तर दिवसभर मीटिंगमध्ये होतो." छप्पर त्याच्या डोक्यावर बदललं आणि बदलणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा त्याने पाहिला नव्हता. मीही पाहिला नसता. आमच्याकडे विमा कंपनीचा माणूस आला, रस्त्यावर उभा राहून त्याने चार फोटो काढले आणि छप्पर ठीक आहे असं लिहून गेला.

त्याच दिवसांत त्या बाई स्वतःचं बीपी दाखवायला एकट्याच आल्या. बीपी वाढलेलं होतं. मी गोळीविषयी विचारणार तेवढ्यात त्यांनी पर्समधून चेनवाली प्लास्टिकची पिशवी काढली, सँडविच घालून देतात तसली, आणि माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. आत एक पांढरा मोजा होता. चवड्याच्या जागी पिवळट-तपकिरी डाग, मध्ये गडद. मी हातमोजे घालून चेन थोडी उघडली आणि लगेच लावली. तो वास डॉक्टरला समजावून सांगावा लागत नाही.

"कधीपासून?"

"तीन आठवडे. छपरावरचा खिळा बुटातून आत गेला. यांनी पकडीने ओढून काढला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. म्हणाले, दुखत नाही."

"दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. मला आधी का नाही सांगितलं?"

माझा आवाज चढला होता. बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "कारण मी त्यावर साबिला लावतेय."

दारात असिस्टंट उभी होती.  

मी खुर्ची पुढे ओढली. "ते माझं चुकलं," मी म्हटलं. "झाडाबद्दल बोलले ते. आता काय लावलंत, कधीपासून, सगळं सांगा. मी लिहून घेते, रागावणार नाही."

बाईंनी सांगितलं, आणि क्रमाने सांगितलं. पहिले चार दिवस नुसतं भोक. मग पाणी यायला लागलं. रोज रात्री साबणाच्या कोमट पाण्याने धुणं, गर, वर उकळून वाळवलेलं फडकं. नवव्या दिवशी कडा पांढऱ्या. परवापासून वास, आणि बोट सुजलं, बूट ओढूनताणून चढवावा लागायचा. आज सकाळी मोजे धुवायला टाकताना त्यांनी त्यातला एक पिशवीत भरला. शिकाऊ डॉक्टर मला इतकी चांगली हिस्टरी देत नाहीत.

"त्यांना आजच आणायला हवं."

"येणार नाहीत. गारांचे दिवस आहेत. शिवाय तुमच्यासमोर बूट काढायची लाज वाटते."

आपल्या तब्येतीबद्दल बायकोशी बोलायला हरकत नाही, असं गृहस्थांनी फॉर्मवर लिहून दिलेलं होतं. मी त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. असिस्टंट कुजबुजली, "हुकूम सोडू नका. माणूस छपरावर आहे."

फोन उचलला गेला. मागे हातोड्यांची ठकठक. मी नाव सांगितल्यावर ठकठक जरा लांब गेली.

"आत्ता कुठे आहात?" मी विचारलं.

"वर, दोक्तोरा."

मला गप्पा मारता येत नाहीत, मराठीतही नाही. जे डोक्यात होतं तेच बोलले. "माझ्या घरावरही गारा पडल्या. विम्याचा माणूस म्हणतो, छप्पर ठीक आहे."

"वर चढला होता?"

"नाही. रस्त्यावरून फोटो काढले."

ते हसले. इतकी वर्षं यायचे, पण ते हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. "रस्त्यावरून काय दिसणार? गार लागलेली जागा दिसत नाही, हाताने दाबून बघायची असते. मऊ लागते. आज गळत नाही, पुढच्या वर्षी गळते. त्याला सांगा, शिडी लाव आणि वर ये."

"मग माझंही तेच झालं," मी म्हटलं. "मागच्या दोन्ही वेळा मी तुमचा पाय रस्त्यावरून बघितला."

पलीकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझी बायको तिथे आहे का?"

"आहे."

"मोजा तिने आणलाय?"

"आणलाय."

"सकाळी घरातून निघेपर्यंत मी शोधत होतो तो," ते म्हणाले. "दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून आलोय." बाई तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले.

"आज या," मी म्हटलं.

"आज हे घर उघडं आहे. भावाला विचारायला लागेल."

छपरं घालणारी टोळी त्यांच्या थोरल्या भावाची होती, हे मला माहीत होतं. आणि असं कुणी म्हटलं की काय उत्तर द्यायचं तेही माझं ठरलेलं होतं: पाय तुमचा, निर्णय तुमचा. इथे तसंच शिकवतात, आणि मला ते पटतंही. वाक्य तोंडाशी आलं तोच असिस्टंटने हाताचा पंजा उभा धरला, ट्रॅफिक पोलिसासारखा.

मी वाक्य गिळलं. "तुमची हरकत नसेल तर भावाशी मीच बोलते."

"बोला, दोक्तोरा." आवाजात सुटका होती.

भाऊ कमी शब्दांचा माणूस निघाला. "काय झालंय त्याला?"

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण जखम वाईट आहे."

"घर झाल्यावर पाठवला तर? परवा?"

"परवापर्यंत पाऊल जाऊ शकतं. मी घाबरवत नाहीये."

पलीकडे त्याने फोन तोंडापासून लांब धरून आवाज दिला, "उतर खाली." बस्स. माझ्या दोन व्हिजिटांत जे झालं नव्हतं ते दोन शब्दांत झालं.

अडीचला ते आले. खरंच एक मोजा पांढरा आणि एक राखाडी होता. मी बुटकं स्टूल घेऊन त्यांच्या पायाशी बसले आणि नाड्यांना हात घातला, तसे ते खुर्चीत मागे सरकले. "नाही, दोक्तोरा. तुम्ही नाही."

"आमच्या देशात मोठ्यांच्या पायाला हात लावायची पद्धत आहे."

"मी तुमच्याहून मोठा नाही."

"चार वर्षांनी आहात," बाई म्हणाल्या. "दोक्तोरांचं वय मला माहीत आहे." माझं वय त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. असिस्टंट खिडकीबाहेर बघत होती.

बुटातून काळी वाळू सांडली, छपराच्या डांबरी फरशांवर चिकटवलेली असते ती. मोजा अलगद सोडवला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, चवड्यावर, बोटाचं टोक जाईल एवढं खोल भोक होतं. बोट वांग्याच्या रंगाचं, लाली पावलाच्या वर सरकायला लागलेली. वरून मात्र जखम स्वच्छ होती. ते बाईंचं काम होतं आणि मी तसं त्यांना सांगितलं. कोरफडीने आत खोल गेलेला जंतू मरत नाही हेही सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि मग विचारलं, "मग टाचेला चालते का?" मी म्हटलं, कोरड्या कातडीला चालते, उघड्या जखमेला नाही. हिवाळ्यात त्यांना बोलू दिलं असतं, तर हेच सांगितलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी झाड तोडायला निघाले होते.

बारीक सळई आत घातली. टोकाला टणक काहीतरी लागलं. हाड. त्यांना काहीच कळलं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि टोपी फिरवत होते.

"बोट जाईल?" त्यांनी विचारलं.

"बोट बहुतेक जाईल. पाऊल वाचवायचं असेल तर आज, इथूनच, हॉस्पिटलला जायचं."

"सी, दोक्तोरा."

यावेळी मी त्या 'सी'वर थांबले नाही. "'सी' म्हणजे नक्की काय करणार, ते मला सांगा."

त्यांनी भुवया वर केल्या. मग सांगितलं: गाडी बायको चालवेल. आधी घरी जाणार, कपडे...

"घरी नाही," मी आणि बाई एकदमच म्हणालो.

बोट गेलं. पाऊल राहिलं. मध्ये एक वाईट आठवडा होता, शिरेतून औषधं, आणि सर्जन अजून एक बोट काढायचं म्हणत होता. ती वेळ आली नाही.

उन्हाळा संपता संपता ते माझ्याकडे कामावर जायची चिठ्ठी मागायला आले. भाऊ चिठ्ठीशिवाय शिडीला हात लावू देत नव्हता. खोलीत शिरले तेव्हा बूट आधीच हातात होते. मी पाय बघितला. पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांत, हाताने दाबून. व्रण कोरडा होता. नवे बूट जाड तळव्याचे, आत पोलादी पत्रा, मी सांगितले होते तसेच.

"पाय रोज कोण बघतं?"

"ही," ते म्हणाले.

"आरसा घेऊन," बाई म्हणाल्या. "आणि टाचेला गर लावते. फक्त टाचेला." हे त्यांनी माझ्याकडे रोखून बघत सांगितलं.

"लावा. झाड कसं आहे?"

"तुमच्यासाठी एक पात आणणार होते. यांनी नको म्हटलं."

"तुमच्या छपराचं काय झालं?" गृहस्थांनी विषय बदलला.

"दुसरा माणूस बोलावला. त्याला वर चढायला लावलं. अकरा जागा मऊ लागल्या."

"सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि असिस्टंटकडे बघून पुन्हा एकदा, "सांगितलं होतं की नाही?"

मी चिठ्ठी टाइप करायला घेतली. "तीन आठवडे जमिनीवरचं काम. मग मला पाय दाखवायचा. मग छप्पर."

टोपी फिरायची थांबली.

"नाही," ते म्हणाले.

असिस्टंटने वर पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"तीन आठवडे फार होतात, दोक्तोरा. तोवर गारांची कामं संपतील. भाऊ एकटा पडलाय. एक आठवडा."

"व्रण नवीन आहे. तीन."

"मी रोज संध्याकाळी इथे येऊन पाय दाखवतो. एक."

"रोज पाय बघायचा मला तेवढाच धंदा नाही. अडीच."

"दहा दिवस," बाई मध्ये पडल्या, "आणि त्यापुढचे दहा दिवस फक्त सपाट छपरं. मी भावजींना फोन करून सांगते." मग नवऱ्याकडे वळून, "आणि मोजे पांढरेच घालायचे. डाग दिसतो."

मी जरा विचार केला. डॉक्टर म्हणून मला किमान दोन आठवडे हवे होते. मी दोन आठवडे म्हटलं, ते बारा दिवस म्हणाले, आणि बारा दिवसांवर मी सही केली. त्यांनी चिठ्ठी वाचली, तारीख बोटाने मोजून तपासली, आणि बूट घालायला खाली वाकले.